पटावरची पाचवी

किम्पो, ९ फेब्रुवारी

प्रिय संचमाया,

हे पत्र जसराजच्या बॅगेतून येईल. तो महिनाभर सुट्टीवर गावी येतोय, त्याच्याच हाती उत्तर दे. तू म्हणशील, फोन असताना कागद कशाला? फोनवर तुझ्या एका कानाशी माझी आमा असते, दुसऱ्या कानाशी आपली पोर फुङमा, आणि तू नुसतं हं हं करतेस. बायकोचं हं हं ऐकायला मी कोरियात आलो का? शिवाय बोलताना मी फुशारक्या मारतो. लिहिताना माझा हात इतका हळू चालतो की खोटं लिहायचा कंटाळा येतो.

आधी चांगली बातमी. भाषेची परीक्षा पास झालो, तिसऱ्या खेपेला. सातवीत दोनदा आपटलेला तुझा नवरा पास झाला! कारखान्याच्या कार्यालयातली मुलगी कागद बघून म्हणाली, "लिहितोस ठीक, पण बोलतोस माझ्या आजीसारखा." बोलणारच. मला बोलायला इथल्या एका आजीनेच शिकवलंय.

आता नीट वाच. माझा परवाना नोव्हेंबरच्या अठ्ठावीसला संपतो. चार वर्षं दहा महिने, पुढे एक दिवस नाही. पाच वर्षं भरू देत नाहीत, कारण पाच वर्षं राहिलेला माणूस इथेच राहतो म्हणायला लागतो. पण दुसरा एक परवाना आहे. तो मिळाला तर राहता येतं, बायकोमुलीला आणता येतं, आणि पुढे कायमचं राहण्यासाठी अर्ज करता येतो. त्याला भाषा लागते, ती झाली. वय बसतं. मालकाची सही लागते, तो देतो म्हणालाय. दोन वर्षांची ठरावीक कमाई लागते. माझं बोट मशिनीत चेपलं तेव्हा मी दोन महिने बसून होतो, म्हणून ती ऑगस्ट संपल्यावर भरेल. मग अर्ज.

शेवटची अट मात्र वेगळीच. कारखान्याच्या पटावर पाच कोरियन माणसं असतील तर एका परदेशी माणसाला हा परवाना. चार असतील तर कुणालाच नाही. मी मोजली तर सहा भरली. कार्यालयातली मुलगी हसली. "मालकीणबाई कशाला मोजतोस? मालकाच्या घरचे धरत नाहीत." मग राहिले पाच. प्रेसवरचा मुकादम, साचे घासणारा म्हातारा, ट्रकवाला, ती मुलगी स्वतः, आणि पाचवी हालमनी. हालमनी म्हणजे आजी. आमच्या चौदा जणांचा स्वयंपाक करते. वय एकाहत्तर.

म्हणजे बघ, आपण तिघांनी एका घरात राहायचं की नाही, ते एका म्हातारीच्या गुडघ्यांवर आहे.

पण तिचं माझं चांगलं जमतं. ती सोयाबीन कुजवून एक आमटी करते. वास सुटला की बाकीची पोरं ताटं घेऊन अंगणात पळतात. मी पहिल्यांदा त्या भांड्यावर वाकलो आणि डोळ्यांत पाणीच आलं. किनेमा! आपलाच किनेमा, फक्त पातळ. तीन वाट्या ओरपल्या. ती कमरेवर हात ठेवून बघत राहिली.

"तुमच्याकडे पण माणसं हे खातात?"

"आमच्याकडे सगळी माणसं खातात, हालमनी. तुमच्याकडे एकट्या तुम्ही."

तेव्हापासून मी तिचा.

तुझा,
तेजहाङ

पांचथर, २६ फाल्गुन

अरे फुङमाच्या बाबा,

जसराज पत्र देताना असा काही हसत होता की त्याने ते वाटेत वाचलंय यात शंका नाही.

परदेशी गेलेल्यांच्या बायका तिथल्या तरुण पोरींची काळजी करतात म्हणे. मी एका म्हातारीच्या गुडघ्यांची करतेय. रोज युमादेवीपुढे दिवा लावते तेव्हा म्हणते, "युमा, तू पण आजी, ती पण आजी. तिच्याकडे बघ." आमाने विचारलं, कोण गं ती? म्हटलं, तुमच्या मुलाने केलेली.

लग्नाचा दाखला मी काढून ठेवलाय. वॉर्डातला सचिव विचारतो, लग्नाची तारीख काय? मी म्हटलं, बाजारात आपल्या रिवाजाप्रमाणे रात्रभर हात धरून नाचलो आणि सकाळी मी घरी गेले नाही, ती तारीख. तो म्हणतो, नाचाची तारीख इथे चालत नाही. मग मीच एक सांगितली. ती पाठ करून ठेव, विचारलं तर दोघांचं एक यायला हवं. चार जेठ.

फुङमा आता पाटीवर घर काढते. घराला दार काढत नाही. विचारलं तर म्हणते, बाबा आणणार आहे.

तू पत्रात सगळं लिहिलंस, पण एक नाही लिहिलंस. नाही झालं तर?

मीही नुसती बसलेली नाही.

संचमाया

किम्पो, २७ एप्रिल

संचमाया,

नाही झालं तर काय, ते मुद्दामच लिहिलं नव्हतं. आपली वेलदोड्याची झाडं रोगाने वाळली. त्या बांधावर उभा राहून मी काय करणार, आमाशी भांडणार? मला एका जागी बसवत नाही हे तुला माहीत आहे. इथे निदान हात चालतात. दर चार सेकंदांना एक बिजागरी. फुङमाला सांग, दाराचं माहीत नाही, पण बिजागऱ्या तुझ्या बाबाने सात पिढ्यांना पुरतील इतक्या केल्यात.

पण माझी वेगळीच पंचाईत झालीय. कामावर जायच्या आधी मी रोज स्वयंपाकघरात जातो. तांदळाची गोणी उचलतो, किमचीचे, म्हणजे मुरवलेल्या कोबीचे, डबे खाली काढून देतो, तिचा पाय घसरू नये म्हणून फरशी कोरडी करतो. हालमनीला वाटतं, पोरगा मायाळू आहे. परवा मालकीणबाईंसमोर म्हणाली, "माझ्या पोटच्या पोरांनी कधी पातेलं उचललं नाही, आणि हा बघा." मी मान खाली घालून पातेलं घासत राहिलो. मी पातेलं उचलत नव्हतो गं. पटावरचं पाचवं नाव उचलून धरत होतो.

तिला एक थोरली बहीण आहे, नव्वदीची. दक्षिणेला समुद्राकाठी लसणाचं शेत आहे, तिथे एकटीच राहते. दोघी रोज संध्याकाळी फोनवर भांडतात.

"जेवलीस का?"

"जेवले."

"खोटं बोलतेस."

"तूच खोटारडी. लहानपणापासूनची."

मग फोन आपटतात. काल फोन आपटल्यावर हालमनी मला म्हणाली, "पौर्णिमेच्या सणाला गावी गेले की परत येत नाही. गुडघे संपले, हौस संपली. ताईच्या शेजारी अंथरूण घालायचं आणि समोरासमोर भांडायचं."

तो सण सप्टेंबरात येतो. माझा अर्ज सप्टेंबरात, निकाल ऑक्टोबरात. माझ्या तोंडून निघूनच गेलं, "हालमनी, हिवाळ्याची किमची घालून मग जा ना."

"तुला रे कशाला माझी किमची?"

"तुम्ही गेल्यावर मला कुजक्या सोयाबीनची आमटी कोण घालणार?"

ती इतकी हसली की तिला स्टुलावर बसावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाली, "बरं. किमची घालून जाते."

ती किमची नोव्हेंबरात घालतात. मी जिंकलो. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

तेजहाङ

दमक, २२ जेठ

फुङमाच्या बाबा,

पत्ता बघून दचकू नकोस. मावशीला बरं नाही म्हणून थोडे दिवस दमकला आलेय. इथे उकाड्याने जीव जातो. फुङमा आमापाशी आहे.

हालमनीबद्दल नीट ऐक. बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. आधी तिचे पाय मागे घ्यायचे. तिच्या गुडघ्यांना आपला गुडघा टेकवायचा, काखेखालून पाठीवर हात घालायचा, आणि तीन म्हटलं की दोघांनी मिळून उठायचं. आपण काय करणार ते आधी सांगायचं, न सांगता अंगाला हात लावायचा नाही. गुडघा सुजला असेल तर उशी गुडघ्याखाली नाही, पोटरीखाली ठेवायची.

आणि तिला खरं सांगून टाक. ती रागावेल फार तर. तुला जेवण जात नाही हे वाचून मला पण गेलं नाही.

संचमाया

किम्पो, ६ ऑगस्ट

संचमाया,

युमाच्या दिव्यात तेल जास्त घाल.

हालमनी पडली. सूपचं भांडं उतरवताना. देवाची कृपा म्हणून भाजलं नाही, पण डावा गुडघा भोपळ्यासारखा झालाय. मी तू लिहिलं होतंस तसंच उठवलं, आधी सांगितलं, तीन म्हटलं. ती दुखण्यातसुद्धा म्हणाली, "हे कुठे शिकलास? दवाखान्यात होतास का?" म्हटलं, बायकोने लिहून पाठवलंय. पण तू कुठे शिकलीस? मावशीचं दुखणं एवढं मोठं आहे का?

मालक म्हणाला, "आता पुरे. बाहेरून डबे मागवू, तिला घरी पाठवू." मी म्हटलं, "मालक, ऑक्टोबरपर्यंत थांबा. कामावर यायच्या आधी स्वयंपाक मी करतो, फुकट. ती नुसती बसून सांगेल." मालक वाईट माणूस नाही. त्याने डोकं खाजवलं आणि हो म्हणाला.

आता ती खुर्चीवर पाय लांब करून बसते, मी चिरतो, ढवळतो, घासतो, आणि आठ वाजता प्रेसवर जातो. "मीठ!" ती ओरडते. "घातलं." "परत घाल, तुझ्या हाताला दया नाही." पोरं म्हणतात, जेवण आधीपेक्षा बिघडलं. मुकादम मला सूनबाई म्हणतो.

तिला औषध घेऊनही झोप लागत नाही. मला माहीत आहे, कारण सकाळी मी यायच्या आधी ती येऊन बसलेली असते.

खरं सांगितलं नाही अजून. अर्ज गेला की सांगेन.

तेजहाङ

दमक, १८ भदौ

तेजहाङ,

मावशी ठीक आहे. मला काही विचारू नकोस, फक्त एक कर. असोज संपेपर्यंत, म्हणजे तुमच्या ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, तुझं हो की नाही मला कळायला हवं. त्याच्या पुढे नाही. कागद झाला तर त्याच घटकेला कळव, फोनवर, आमा ऐकत असली तरी चालेल.

फुङमाचा वरचा दात हलतोय असं ती म्हणते. हलत नाही. तिला नुसतं सांगायला काहीतरी हवं असतं.

संचमाया

किम्पो, १७ ऑक्टोबर

संचमाया,

ही पानं फोटो काढून पाठवतोय, घेऊन येणारं कुणी नाही. तू असोजची मुदत घातलीस तेव्हा मला वाटलं, दसैंच्या सणाला माहेरी जाऊन मिरवायची घाई झालीय. आज असोज संपतोय. वेळेत कळवतोय. नाही.

पहिल्यापासून सांगतो.

तीन सप्टेंबरला अर्ज दिला. सगळं बसलं, पटावर पाच. कार्यालयातली मुलगी म्हणाली, निकाल द्यायच्या दिवशी पट पुन्हा बघतात, तोवर पाच राहू दे. सण आला आणि गेला, हालमनी गावी गेली नाही. ताईला फोनवर म्हणाली, किमचीचं काम आहे. ताई म्हणाली, खोटारडी.

एक ऑक्टोबरला ती काठी टेकत प्रेसपाशी आली. ती कधी तिकडे येत नाही. मी मशिन बंद केली.

"ताई पडलीय. शेजारणीचा फोन होता. धाकटीला बोलवा म्हणतेय."

"मग?"

"मग काय? तू सांग."

"मी काय सांगणार, हालमनी?"

"कार्यालयातल्या त्या पोरीने मला फेब्रुवारीतच सांगितलं होतं. पाचवी मी. आमटीसाठी कुणी रोज उठून फरशी पुसतं का रे? मी म्हातारी आहे, खुळी नाही." तिने मशिनीवर हात ठेवला. "तू जा म्हण, जाते. थांब म्हण, थांबते. मला आजवर कुणी थांब म्हटलेलं नाही."

तेव्हाच जा म्हणायचं होतं. तोंड उघडलं आणि बाहेर काय पडलं माहीत आहे? "बघू या दोन दिवस. ताईंना बरं वाटेल."

ती बरं म्हणाली आणि गेली.

दोन दिवसांचे चार झाले. रोज संध्याकाळी शेजारीण ताईच्या कानाला फोन लावायची. "जेवलीस का?" हालमनी विचारायची. पहिल्या दिवशी तिकडून काहीतरी पुटपुटणं आलं. मग नुसता श्वास. चौथ्या दिवशी हालमनी स्वतःच म्हणाली, "खोटं बोलतेस," आणि फोन हातात धरून बसली. मी कांदा चिरत होतो.

पाचव्या सकाळी मी जा म्हटलं. बसपर्यंत नेलं, तीन म्हणून उचलून आत बसवलं. ती संध्याकाळी पाचला गावी पोचली. ताई दुपारी बाराला गेली होती.

मालकाला म्हटलं, रजा दाखवा, नाव काढू नका. तो म्हणाला, "ती परत येणार नाही हे तिनेच सांगितलंय. खोटं नाव ठेवलं आणि तपासणी आली तर कारखाना जाईल." नवीन माणूस घ्या म्हटलं. बिजागऱ्यांच्या कामाला कोरियन माणूस येतो का, तूच सांग, म्हणाला. जेवणाचे डबे आता बाहेरून येतात. काल अर्ज परत आला. पटावर चार.

पहिल्याच दिवशी जा म्हटलं असतं तर दोघी बहिणी भेटल्या असत्या. म्हटलंच नसतं तर तू आणि फुङमा इथे आला असतात. मी मधलंच काहीतरी केलं आणि दोन्ही घालवलं.

नोव्हेंबरच्या अठ्ठावीसला निघतो. माझ्यावर रागाव, पण गप्प राहू नकोस.

तेजहाङ

काठमांडू, ५ कात्तिक

तेजहाङ,

रागावले नाही. रागवायचा हक्क मला नाही.

मावशीला कधी काही झालंच नव्हतं. दमकला म्हाताऱ्या माणसांना सांभाळायची शिकवणी असते, ती मी केली. तुला लिहिलेलं उचलण्याचं सगळं आम्हाला एका बाहुलीवर शिकवलं. सायप्रसला एका घरी जागा आहे. असोज संपेपर्यंत हो किंवा नाही सांगायचं होतं. तुझं हो आलं असतं तर मी तो कागद फाडणार होते. तुझं पत्र वाचलं आणि सही केली.

त्यांच्या पण अटी आहेत. आठवी पास, मी आहे. शिकवणीचा दाखला, आहे. वय बसतं. आणि मूल दोन वर्षांच्या वर हवं, लहान असेल तर आईला जाऊ देत नाहीत. फुङमा चारची आहे, म्हणून मी पात्र. अर्ज भरून घेणाऱ्या बाईने त्या चौकोनात बरोबरची खूण केली तेव्हा वाटलं, माझ्या पोरीने मोठं होऊन चूकच केली.

तिथे नवऱ्याला, मुलीला नेता येत नाही. कायमचं राहता येईल का विचारलं तर दलाल हसला. एका बाईला सांभाळायचं, ब्याऐंशी वर्षांची, चालता येत नाही. परवाना तिच्या नावावर. ती आहे तोवर मी आहे.

वीस कात्तिकला विमान आहे. तू येशील तेव्हा मी नसेन. तारीख मी निवडली नाही. फुङमाला सांगितलंय, बाबा येणार आहे. मी जाणार आहे हे आमा सांगेल, मला जमलं नाही.

तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, लिहिताना खोटं बोलायचा कंटाळा येतो. मला नाही आला रे.

किनेमा चुलीवरच्या टोपलीत वाळत ठेवलाय. आठ दिवसांनी आमाला उलथवायला सांग.

संचमाया

पांचथर, १९ मंसिर

संचमाया,

पोचलो. तुझा किनेमा कुणी उलथवला नव्हता, खालचा काळा पडलाय. तरी खातोय.

फुङमा मला ओळखते, पण माझ्याशी बोलायचं असलं की फोन शोधते. तो माझ्या हातात आणून देते आणि समोर बसून म्हणते, "आता बोल." मी फोन कानाला लावून तिच्याशी बोलतो. वरचा दात अजून हलत नाही. माझ्याकडे दार मागितलं नाही.

निघायच्या आधी हालमनीला भेटून आलो. ताईच्या शेतात काठी टेकून एकटीच लसूण लावत होती. मला बघून आत गेली आणि आमटी चढवली. तीच. मी तीन वाट्या खाल्ल्या, एक एक घोट मोजून. तिच्या खोलीत दोन अंथरुणं होती, एक घडी केलेलं.

"कागद झाला?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "झाला."

"बरं झालं," ती म्हणाली. "एकाचं तरी झालं." आणि माझ्या वाटीत आणखी घातलं.

इथे मी काय करणार ते मला माहीत नाही. जसराज म्हणतो, कुठल्यातरी देशात द्राक्षं तोडायला माणसं घेतात, वयाची अट आहे, भाषेची नाही. मी हो म्हणालो नाही, नाही पण म्हणालो नाही. सकाळी बांधावर जाऊन वाळलेली झाडं उपटतो, मग काय करायचं ते सुचत नाही.

तुला एवढंच लिहायचं होतं. तुझ्या म्हातारीचं नाव काय ते तू कळवलं नाहीस. तिला बहीण आहे का, तेही नाही. असेल. एखाद्या दिवशी ती म्हणेल, मला अमक्याला भेटायचं आहे, मला घरी जायचं आहे. ती गेली तर तुझा परवाना जाईल आणि तुला परत यावं लागेल, आणि इथे काही नाही, हे मला कळतं. तरी पण संचमाया, ती म्हणेल त्याच दिवशी तिला उचल, सांगून, तीन म्हणून.

चार दिवस थांबू नकोस.

तेजहाङ